फ्रिक कलेक्शनच्या ट्रस्टी मंडळींना खुलं पत्र: दहा वर्षांखालच्या पोरांनाही आत येऊ द्या की

प्रति,
विश्वस्त मंडळ, द फ्रिक कलेक्शन,
१ ईस्ट ७० वा रस्ता, न्यूयॉर्क

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला इंग्रजीत एक सभ्य मेल वेगळा पाठवलाय, त्यात सगळं थोडक्यात आणि "आपल्या सोयीनुसार" वगैरे घालून नीट लिहिलंय. हे पत्र मराठीत आहे, कारण ते जेवढं तुमच्यासाठी आहे तेवढंच आमच्या न्यूजर्सीतल्या मंडळींसाठी पण आहे. आमच्याकडचे निम्मे आईबाप सुट्टी लागली की पोरांना घेऊन मेट म्युझियमला जातात, ममी दाखवतात, पायऱ्यांवर बसून फोटो काढतात, रस्त्यावरच्या गाडीवर काहीतरी खातात आणि ट्रेन पकडून घरी, आणि तिथून त्याच फिफ्थ अव्हेन्यूवर दहा-बारा ब्लॉक खाली तुमचं फ्रिक कलेक्शन, एका श्रीमंत माणसाच्या घरातलं चित्रांचं म्युझियम, आहे हे कोणाला माहीतच नसतं. ज्यांना माहिती आहे ते पण पोरांना नेत नाहीत, कारण नेताच येत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, हा तुमचा नियम.

माझा मुद्दा तेवढाच आहे. हा नियम बदला. पूर्ण काढा असं पण म्हणत नाही, थोडा सैल करा, कसा ते खाली सांगते.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, नाहीतर म्हणाल ही कोण. मी मूळची लालबागची, आता इकडे एडिसनजवळ राहते, आणि रविवारी मराठी शाळेत शिकवते. वर्गातली पोरं सहा ते नऊ वयाची. त्यांना "माझे घर" या विषयावर पाच वाक्यं लिहायला सांगितली की सगळ्यांची घरं सारखीच निघतात, गॅरेज, बेसमेंट, वरती बेडरूम. म्हणून मला त्यांना वेगवेगळी घरं दाखवायची आहेत, ज्यांच्यात कोणीतरी खरंच राहिलंय आणि मागे काहीतरी ठेवून गेलंय अशी. त्या यादीत तुमचं घर पहिलं आहे. आणि नेमकं माझ्या वर्गातल्या एकाही पोराला तिथे पाऊल टाकता येत नाही.

इथल्या वाचकांसाठी सांगते, कारण नाव ऐकून काही कळत नाही. हेन्री क्ले फ्रिक हा पिट्सबर्गकडचा माणूस, कोळशापासून कोक बनवण्याच्या धंद्यात तिशीपर्यंत लखपती झाला (त्या काळचे लाख, डॉलरमधले), मग पोलादाचा बडा कारखानदार अँड्रू कार्नेगी याच्याबरोबर पोलादात आला. १९१३-१४ मध्ये त्याने फिफ्थ अव्हेन्यूवर हे घर बांधलं, थॉमस हेस्टिंग्ज हा आर्किटेक्ट, आणि बांधतानाच डोक्यात होतं की पुढे हे लोकांसाठी म्युझियम होणार. तो स्वतः तिथे जेमतेम पाच वर्षं राहिला, १९१९ च्या डिसेंबरमध्ये गेला. मृत्युपत्रात घर, चित्रं आणि वर दीड कोटी डॉलर ठेवले, अट एवढीच की बायको असेपर्यंत तिने तिथे राहायचं. ॲडिलेडबाई १९३१ मध्ये गेल्या, मग जॉन रसेल पोपने घरात बदल केले, गाडीरस्त्याच्या जागी मधला तो सुंदर कारंज्याचा चौक आला, आणि १९३५ च्या डिसेंबरमध्ये दार उघडलं. सरकारी नाही हं, अजूनही खाजगी संस्थाच आहे.

आत गेलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे हे म्युझियम वाटतच नाही. चित्रांखाली लांबलचक पाट्या नाहीत, काचेच्या पेट्या फारशा नाहीत, दोऱ्या कमी. दिवाणखान्यात शेकोटीच्या वर एल ग्रेकोचा सेंट जेरोम, त्याच्या एका बाजूला होल्बाइनने काढलेला टॉमस मोर आणि दुसऱ्या बाजूला होल्बाइननेच काढलेला टॉमस क्रॉमवेल. मोरच्या हनुवटीवर दाढीचे खुंट एक एक दिसतात, लाल मखमली बाह्या अशा की हात लावावासा वाटतो (लावत नाही!). आणि समोर क्रॉमवेल, बारीक डोळे करून बसलेला. दोघंही इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचे मंत्री. मोरचं डोकं १५३५ मध्ये राजाच्या हुकमाने उडवलं गेलं, त्यात क्रॉमवेलचा मोठा हात होता, आणि पाच वर्षांनी त्याच राजाने क्रॉमवेलचं पण उडवलं. आणि फ्रिकसाहेबांनी या दोघांना एकाच शेकोटीच्या दोन बाजूंना टांगून ठेवलंय, शंभर वर्षं झाली एकमेकांसमोरून हलता येत नाहीये त्यांना. आता मला सांगा, ही गोष्ट आठ वर्षांच्या पोराला सांगायची नाही तर कोणाला सांगायची? अफझलखानाची गोष्ट झोपताना ऐकून मोठी झालेली आमची पोरं, ती काय दचकणारेत का.

आणि बेलिनी या इटालियन चित्रकाराचा सेंट फ्रान्सिस. मोठं चित्र, १४७५-८० च्या आसपासचं, फ्रिकने १९१५ मध्ये घेतलेलं. मोठी माणसं त्याच्यासमोर उभी राहून उजेडाबद्दल बोलतात, अध्यात्माबद्दल बोलतात, मी पण बोलते. पण नीट बघा. मध्यावर एक गाढव उभं आहे, अगदी आपल्याच तंद्रीत. त्याच्या जवळ एक लांब मानेचा पक्षी. लांब मागे मेंढपाळ आणि मेंढ्या. फ्रान्सिसच्या हाताखाली दगडी भिंतीच्या फटीतून एक ससा डोकं बाहेर काढून बघतोय, एवढासा, आणि तो बहुतेक मोठ्या माणसांना दाखवल्याशिवाय दिसत नाही. मेजाखाली त्याच्या चपला काढून ठेवल्यात, खडावांसारख्या, कारण तो अनवाणी पुढे आलाय. मेजावर कवटी. हे चित्र पोरांसाठी काढलंय असं मी म्हणत नाही, पण पोरांची नजर ज्या उंचीवर असते तिथेच यातल्या निम्म्या गोष्टी आहेत एवढं नक्की. सहा वर्षांचं पोर तो ससा अर्ध्या मिनिटात शोधेल. आणि चपला बघितल्या की "हा देवळात चाललाय का?" असं विचारेल, ज्याच्यावर कुठल्याही कला-इतिहासाच्या प्राध्यापकाला बोलायला अर्धा तास मिळेल.

आता वरचा मजला. २०२० मध्ये तुम्ही घर बंद केलं, चित्रं घेऊन मॅडिसन अव्हेन्यूवरच्या, ब्रॉयर या आर्किटेक्टने बांधलेल्या बिल्डिंगमध्ये राहिलात, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये परत दार उघडलंत ते वरचा मजला घेऊनच. एवढी वर्षं त्या संगमरवरी जिन्याच्या तळाशी दोरी असायची, वर स्टाफची ऑफिसं, आम्ही सगळे मान वर करून जिन्यावरचा तो ऑर्गन बघायचो आणि वर काय असेल याची कल्पना करत पुढे जायचो. आता जाता येतं. आर्किटेक्ट ॲनाबेल सेलडॉर्फने काम फार छान केलंय, म्युझिक रूम गेली याचं थोडं वाईट वाटतं पण ते असो. वरच्या पॅसेजच्या छतावर निळ्या रंगात चिनी धाटणीचं काम आहे आणि त्यात माकडं. छतावर माकडं! आणि ती बघायला वय वर्षं दहा पूर्ण पाहिजे.

पण त्याहून मोठी गंमत बुशेची खोली, म्हणजे बुशे या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांनी मढवलेली. ही खोली मुळात ॲडिलेडबाईंची वरची बसायची खोली, १९३५ मध्ये म्युझियम करताना तिच्या भिंती खाली आणल्या होत्या, आता तुम्ही परत वर, मूळ जागी नेऊन बसवल्यात, केवढं कष्टाचं काम, त्याबद्दल खरंच हॅट्स ऑफ. तर त्या भिंतींवर काय आहे? लहान मुलं. गुटगुटीत, गुलाबी गालांची पोरं, आणि ती मोठ्यांची कामं करतायत, कोणी आकाशातले तारे बघतंय, कोणी मासे धरतंय, कोणी चित्र काढतंय. म्हणजे भिंतींवर सगळी दहाच्या आतली मंडळी, आणि खाली जमिनीवर दहाच्या आतलं कोणी चालत नाही. ट्रस्टी मंडळींपैकी कोणाला ती खोली बघताना हसू आलं नाही का हो?

नियमाचं कारण मला कळत नाही असं नाही. दोऱ्या कमी, काचा कमी, लिमोजच्या मिन्याच्या वस्तू, सेव्ह्रची पोर्सेलीन, फ्रेंच टेबलं, ब्राँझचे छोटे पुतळे, सगळं हाताशी. खोल्या घराच्या आहेत, हॉल नाहीत. घर घरासारखं ठेवायचं तर वस्तू मोकळ्या पाहिजेत, आणि वस्तू मोकळ्या ठेवायच्या तर धावणारी पोरं नकोत, हे तुमचं गणित. आणि बरेच लोक या नियमावर खूश असतात हे पण माहितीये मला, "चला, एक तरी शांत जागा राहिली न्यूयॉर्कमध्ये" म्हणणारे. माझा नवराच त्यातला आहे. त्याचं म्हणणं, पोरांना आणखी शंभर जागा आहेत, एक मोठ्यांना राहू दे.

यावर माझं उत्तर असं की दहा हा आकडा काही तपासत नाही. नऊ वर्षं अकरा महिन्यांची शहाणी मुलगी बाहेर, आणि अकरा वर्षांचा मोबाईलमध्ये डोकं घातलेला, सतत पाठीवरची सॅक कशाला तरी घासणारा आमचा भाचा आत. चित्रांना धोका पोरांकडूनच असतो हे पण खरं नाही, २००६ मध्ये लास वेगासच्या स्टीव्ह विनने स्वतःच्याच ऑफिसमध्ये, पाहुण्यांना कौतुकाने दाखवताना, स्वतःच्याच पिकासोला कोपर मारून भोक पाडलं होतं. तो तेव्हा साठीच्या पुढचा होता. बोस्टनला इझाबेला स्टुअर्ट गार्डनरचं घर बघा. ते पण घरच, व्हेनिसच्या पॅलेससारखं, १९०३ मध्ये उघडलं, बाई स्वतः वरच्या मजल्यावर राहायच्या, आणि त्यांची अट तर तुमच्याहून कडक, मांडलेली एक वस्तू कायमची हलवायची नाही. तिथे सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट प्रवेश आहे. इझाबेला नाव असलं तर जन्मभर फुकट! आणि त्या घराचं सगळ्यात मोठं नुकसान झालं ते १९९० मध्ये, रात्री, पोलिसांच्या वेशात आलेल्या दोन मोठ्या माणसांनी तेरा वस्तू चोरल्या तेव्हा, रिकाम्या चौकटी अजून भिंतीवर आहेत. लहान मुलांनी काही नेलं नव्हतं.

हे सगळं वादाचं झालं. खरं कारण वेगळंच आहे, ते लिहायला मला जरा वेळ लागला.

फ्रिक पतिपत्नींना चार मुलं झाली, त्यातली दोन जगली. मार्था नावाची मुलगी, लाडकी, तिने लहानपणी एक टाचणी गिळली आणि ती पोटात राहिली, कितीतरी महिने कोणाला कळलंच नाही, पोर झिजत गेली आणि १८९१ च्या जुलैमध्ये गेली, सहावा वाढदिवस आठवड्यावर होता. फ्रिकने नंतर आपल्या चेकवर तिचं चित्र छापून घेतलं होतं. म्हणजे जगातला मोठ्यात मोठा व्यवहार करताना, रेम्ब्रांट घेताना, फर्मिअर घेताना, सही करायच्या कागदावर ते पोर असायचं. असा माणूस. आणि त्याच्या घरात आज मार्थाच्या वयाचं मूल येऊ शकत नाही.

हे वाचताना पुण्याच्या लोकांना कोण आठवलं असेल ते मला माहितीये. शुक्रवार पेठेतलं केळकर म्युझियम. दिनकर केळकर, "अज्ञातवासी" नावाने कविता करणारा माणूस, चष्म्याच्या दुकानावर पोट, आणि गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वज्री, वाद्यं, स्वयंपाकघरातली भांडी, दारं-खिडक्या जमवत बसला, वीस हजारांवर वस्तू, बायको कमलाबाई बरोबर. राहत्या वाड्यातच संग्रह, घर आणि म्युझियम वेगळं नव्हतंच. शेवटी सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं. त्यांचा मुलगा राजा सात वर्षांचा असताना गेला, म्हणून म्युझियमचं नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय. बाहेरच्या लोकांना वाटतं कुठल्यातरी राजेसाहेबांचं आहे. ते एका सात वर्षांच्या पोराचं नाव आहे, बापाने स्वतःच्या नावाच्या आधी लावलेलं.

आणि त्या म्युझियममध्ये कोण जातं? शाळेच्या ट्रिपा. दोन-दोनच्या रांगा, पुढच्याचा शर्ट धरून, बाई ओरडतायत "हात मागे, हात मागे", आणि पोरं वज्री बघून फिदीफिदी हसतायत की पाय घासायला एवढं नक्षीकाम कशाला, मस्तानी महालाशी पोचेपर्यंत निम्म्यांना शी-सू लागलेली असते. मी स्वतः मुंबईहून शाळेच्या ट्रिपला अशीच गेलेय. गोंधळ असतो. मला मान्य आहे की असतो. पण ती पोरंच पुढे चाळिशीत परत येतात आणि आपल्या पोरांना म्हणतात, हे बघ, हा अडकित्ता बघ. फ्रिककडे कोट्यवधी डॉलर होते आणि केळकरांकडे चष्म्याचं दुकान, बाकी दोघांचं दुःख सारखंच, आणि दोघांनी त्यानंतर काय केलं ते पण बरंचसं सारखंच. फरक दाराशी आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि ही थोडी कडू आहे, तरी लिहिते. लहान पोरांना आत घेतलं की ती एक प्रश्न विचारणार. मोठी माणसं तो मनात ठेवतात किंवा बाहेर पडल्यावर कॉफी पिताना विचारतात, पोरं मोठ्याने, भर दिवाणखान्यात विचारणार: याच्याकडे एवढे पैसे कुठून आले?

त्याचं उत्तर होमस्टेड आहे. १८९२ चा जुलै, मोनोंगहेला नदीकाठचा कार्नेगीचा पोलादाचा कारखाना, कार्नेगी स्कॉटलंडमध्ये सुट्टीवर आणि कारभार फ्रिककडे. युनियन मोडायचीच या हिशेबाने टाळेबंदी, आणि ६ जुलैला पहाटे पिंकर्टन या खाजगी पहारेकरी पुरवणाऱ्या कंपनीची तीनशेएक हत्यारी माणसं तराफ्यांवरून नदीतून आणलेली. कामगार आणि गावातल्या बायामाणसांनी काठावर अडवलं, दिवसभर गोळीबार, दोन्ही बाजूंची माणसं मेली. शेवटी सरकारी फौज आली, युनियन मोडली, आणि होमस्टेडमध्ये पुढची कित्येक दशकं उभी राहिली नाही. त्याच महिन्यात अलेक्झांडर बर्कमन नावाचा अराजकवादी फ्रिकच्या ऑफिसात घुसला, गोळ्या झाडल्या, भोसकलं, आणि फ्रिक वाचला. त्याच जुलैमध्ये जन्मलेलं त्याचं बाळ महिन्याभरात गेलं. एका माणसाच्या एका उन्हाळ्यात एवढं सगळं.

मी गिरणगावातली. १९८२ च्या संपात आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर कोणीतरी घरी बसलं होतं, अडीच लाख कामगार, आणि संप संपला असं आजवर कोणी अधिकृतपणे म्हटलेलंच नाही. माझे वडील त्यातलेच. त्यामुळे शेठच्या घरातली सुंदर वस्तू बघताना माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम चालतात, होल्बाइनच्या मखमलीवरून नजर हटत नाही, आणि ती मखमल कोणाच्या पाळीवर आली हा हिशेब पण थांबत नाही. मला यात काही विरोध वाटत नाही. आमच्याकडे अहमदाबादला साराभाईंच्या शाहीबागेतल्या राहत्या घरात, द रिट्रीटमध्ये, १९८३ पासून कॅलिको म्युझियम आहे, जगातलं एक नंबरचं कापडाचं म्युझियम, आणि त्याच घराण्यात १९१८ च्या गिरणी संपात अंबालाल मालकांच्या बाजूला आणि त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन कामगारांच्या बाजूला, गांधीजींबरोबर. पटोळं बघायचं आणि ते पण आठवायचं, दोन्ही जमतं माणसाला. पोरांना तर फारच सहज जमतं. त्यांना "चांगला माणूस होता का वाईट?" असं विचारायची सवय असते, आणि "दोन्ही" असं उत्तर दिलं की ती क्षणभर विचार करतात आणि "ओके" म्हणून पुढच्या चित्राकडे जातात. अडचण मोठ्यांची होते.

तर मला भीती वाटते (चुकीची असेल तर उत्तम) की त्या दहाच्या नियमामुळे पोर्सेलीनबरोबर आपलं संकोचाचं मौन पण सुरक्षित राहतं. पोरं येऊ देत. विचारू देत. उत्तर द्यायला तुमच्याकडे माणसं आहेत, फ्रिकच्या मुलीने, हेलनने, १९२० मध्ये सुरू केलेली केवढी मोठी लायब्ररी शेजारी आहे, कागदपत्रांना काय तोटा.

नियम बदलता येत नाही असं म्हणू नका. २०१४ मध्ये तुम्ही ७० व्या रस्त्यावरची रसेल पेजने आखलेली बाग काढून तिथे बिल्डिंग बांधायला निघाला होतात, लोकांनी आरडाओरडा केला, आर्किटेक्ट, माळीकाम करणारे, शेजारी, कोण कोण, आणि वर्षभरात तुम्ही प्लॅन मागे घेतलात. १९७७ ची बाग, रस्त्यावरून कठड्यातून बघायची फक्त, आत जायचं पण नाही, तिच्यासाठी ऐकलंत. शिवाय मृत्युपत्रातच आहे की सगळ्या जनतेला कायमचा प्रवेश हवा, वाजवी नियम ठेवून. वाजवी या शब्दावर तुम्ही बोट ठेवाल, मी सगळ्या या शब्दावर ठेवते.

मी काय मागतेय ते आता नीट लिहिते. ज्या दिवशी घर बंद असतं त्या दिवशी, महिन्यातून एकदा, सकाळचे दोन तास. सहा ते नऊ वयाची मुलं, एका वेळी दहा, प्रत्येक दोन मुलांमागे एक मोठं माणूस. सॅक नाही, पाण्याची बाटली नाही, पेन नाही, पेन्सिल आणि पुठ्ठ्यावर लावलेला कागद. सगळं घर नको, तीन खोल्या बस. दिवाणखाना, जिथे बेलिनी, मोर आणि क्रॉमवेल सगळे भेटतात, मग जिना चढून वर बुशेची खोली, आणि पॅसेजमधली माकडं धरून तीन. तळघरातली ती लाकडी बोलिंग ॲली मागत नाहीये, तिथे आगीच्या नियमामुळे मोठ्यांना पण नेत नाही हे माहितीये, मागावंसं मात्र फार वाटतंय. नवीन बांधकामात तुम्ही शिक्षणासाठी पहिल्यांदाच वेगळी खोली केलीये, पोरांना आधी तिथे बसवून नियम सांगा, नंतर तिथेच चित्र काढू द्या. आमच्याच शाळेला द्या असं नाही, ब्राँक्समधल्या सरकारी शाळांना आधी द्या, आम्ही रांगेत थांबू, आम्हाला सवय आहे. पैसे लागत असतील तर पालक वर्गणी काढतील, गणपतीला काढतातच.

सहा महिने करून बघा. एक जरी फुलदाणी हलली तर बंद करा, मी तुम्हाला परत पत्र लिहिणार नाही.

आणि न्यूजर्सीतल्या वाचकांनो, तुम्ही पण एक-एक मेल टाका ना. दहाच्या वरची पोरं असतील तर तोपर्यंत त्यांना घेऊन जा, सतरापर्यंत तिकीट नाही, मोठ्यांना तीस डॉलर आहे ते जास्तच आहे, पण बुधवारी दुपारी हवे तेवढे द्या अशी सोय असते. पेन स्टेशनला उतरून सबवे बदलत सहा नंबर पकडा, ६८ व्या रस्त्यावर उतरा, तिथून सेंट्रल पार्कच्या दिशेने चालत पाच-सात मिनिटं. गेलात की ससा शोधायला सांगा, कुठे आहे ते आधी सांगू नका.

ट्रस्टी मंडळी, उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल. वर्गात वाचून दाखवायला पोरंच आहेत, त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आपली,
रविवारच्या मराठी शाळेतली एक बाई